अमेरिकेतील हीटिंग, कूलिंग आणि पत्राकामाची नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी : अर्जापासून प्रमाणपत्रापर्यंत

अमेरिकेत हीटिंग, कूलिंग किंवा डक्टच्या पत्राकामासाठी ‘अप्रेंटिस पाहिजे’ अशी जाहिरात कोणताही कंत्राटदार देऊ शकतो, आणि हाताखालच्या मदतनिसाला अप्रेंटिस म्हणण्याचीही तिथे सर्रास पद्धत आहे. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारी ही मात्र कायद्याने आखलेली वेगळी गोष्ट आहे. १९३७ च्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली, ज्याला फिट्झजेराल्ड कायदा असेही म्हणतात, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला आपल्या कार्यक्रमाची नियमावली सरकारकडे नोंदवावी लागते आणि प्रत्येक उमेदवाराशी केलेला लेखी करारही नोंदवावा लागतो. मदतनीस आणि उमेदवार दोघेही सकाळी त्याच गाडीतून त्याच कामावर जातात. फरक फक्त या नोंदवलेल्या कागदाचा असतो, पण पुढच्या चार-पाच वर्षांत पगारापासून परवान्यापर्यंत सगळे त्यावरच ठरते. म्हणून या लेखात प्रत्येक पायरीवर कोणता कागद मागायचा आणि त्यात काय वाचायचे, यावरच भर दिला आहे.

आपल्याकडे अप्रेंटिस म्हटले की आयटीआय संपवून विद्यावेतनावर वर्षभर कारखान्यात जाणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतला शिकाऊ उमेदवार हा पहिल्या दिवसापासून पगारी नोकर असतो. दिवसा काम आणि आठवड्यातल्या काही संध्याकाळी, किंवा वर्षातून काही सलग आठवडे, वर्ग अशी त्याची विभागणी असते.

पहिली पायरी : व्यवसाय नेमका कोणता, हे ठरवणे

या क्षेत्रात बाहेरून एकच वाटणारे तीन वेगवेगळे व्यवसाय आहेत, आणि अर्ज करताना सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. एसी, फर्नेस (घर तापवणारी भट्टी), हीट पंप आणि शीतगृहांची यंत्रे बसवणारा व दुरुस्त करणारा तो सेवा-तंत्रज्ञ. हवा वाहून नेणाऱ्या डक्टचा आराखडा काढणारा, पत्रा कापून दुमडून तो छतात चढवणारा तो पत्राकारागीर. मोठ्या इमारतींत बॉयलर आणि पाणी थंड करणाऱ्या चिलरचे पाइप जोडणारा तो पाइपफिटर. तिघांचे प्रशिक्षण बहुधा चार ते पाच वर्षांचे असते, पण एकाची उमेदवारी अर्धी झाल्यावर दुसऱ्याकडे वळायचे म्हटले तर बरेचसे तास पाण्यात जाण्याची शक्यता असते.

निवड करण्यापूर्वी पत्राकाम आणि सेवा या दोन्हीकडचे काम जवळून पाहावे. पत्राकामाचे एक साधे उदाहरण घेऊ. आतून १६ बाय १० इंचांचा डक्ट दोन ‘एल’ आकाराच्या तुकड्यांतून करायचा आहे आणि कोपरे पिट्सबर्ग लॉकने, म्हणजे पत्र्याच्या कडा एकमेकींत अडकवणाऱ्या घडीने, बांधायचे आहेत. प्रत्येक तुकड्याच्या दोन बाजू मिळून २६ इंच होतात. एका कडेला लॉकचा खिसा तयार करण्यासाठी साधारण एक इंच जास्तीचा पत्रा लागतो, दुसऱ्या कडेला त्या खिशात शिरणारी पाव इंचाची उभी घडी लागते; म्हणजे पत्रा सव्वासत्तावीस इंच रुंद कापला पाहिजे. यंत्रागणिक हे माप थोडे कमीजास्त होते, म्हणून जाणता कारागीर आधी टाकाऊ तुकड्यावर लॉक काढून बघतो. पाव इंच विसरला की तो तुकडा भंगारात जातो. पत्र्याचा गेज (जाडीचा क्रमांक) जितका मोठा तितका पत्रा पातळ, ही उलटी मोजणी आणि कात्र्यांच्या मुठींचे रंग, म्हणजे लाल मूठ डावीकडे वळणाऱ्या कापासाठी, हिरवी उजवीकडे आणि पिवळी सरळ, हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडते. नंतरची वर्षे जातात ती आकार उलगडण्यात : चौकोनी तोंडाचा डक्ट गोल तोंडाला जोडायचा असेल, तर त्यामधल्या तुकड्याचा सपाट नकाशा पत्र्यावर काढणे ही प्रत्यक्षातली भूमिती आहे.

सेवा-तंत्रज्ञाची कसोटी वेगळी. तांब्याच्या नळीचे ब्रेझिंग (ज्योतीने धातू वितळवून केलेली जोडणी) करताना आत काजळी धरू नये म्हणून नायट्रोजनचा हलका प्रवाह चालू ठेवावा लागतो. मग दाब देऊन गळती तपासायची, आणि व्हॅक्यूम पंप लावून निर्वात मोजणाऱ्या मायक्रॉन गेजवरचा आकडा ५०० च्या खाली आणायचा. खरी परीक्षा त्यानंतर होते. झडप बंद करून पंप वेगळा केला की काटा थोडा वर जाऊन एका जागी थांबला, तर आत ओलावा राहिला आहे. तो थांबायचे नावच घेत नसेल, तर कुठेतरी गळती आहे. हा फरक ओळखायला हात नव्हे, संयम लागतो. ज्याला हाताने वस्तू घडताना पाहण्यात आनंद वाटतो त्याने पत्राकामाकडे जावे, आणि ज्याला बिघाडाचे कारण शोधत बसायला आवडते त्याने सेवेकडे, असे माझे मत आहे. सेवेत भर थंडीत मध्यरात्री येणारे फोनही असतात, हेही आधीच लक्षात घ्यावे.

दुसरी पायरी : कार्यक्रम शोधणे आणि नोंदणी पडताळणे

प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला स्पॉन्सर म्हणतात. पत्राकामात स्मार्ट ही कामगार संघटना आणि स्मॅक्ना ही कंत्राटदारांची संघटना यांच्या स्थानिक शाखा मिळून संयुक्त प्रशिक्षण समित्या चालवतात. पाइपफिटिंग आणि एसी-रेफ्रिजरेशन सेवेत युनायटेड असोसिएशन, म्हणजे ‘यूए’, या संघटनेच्या स्थानिक शाखा हेच काम करतात. संघटनेबाहेरच्या कंत्राटदारांसाठी असोसिएटेड बिल्डर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स या संस्थेच्या शाखांचे कार्यक्रम आहेत, आणि एखादी मोठी कंपनी एकटीनेही स्पॉन्सर होऊ शकते. संयुक्त समित्यांची कार्यशाळा आणि शिक्षक सहसा कायमचे असतात आणि एका कंत्राटदाराकडचे काम संपले तर समिती दुसऱ्याकडे पाठवते. एकट्या कंपनीच्या कार्यक्रमात प्रवेश लवकर मिळू शकतो, पण तुमचे प्रशिक्षण त्या कंपनीच्या कामाच्या प्रकारांपुरते राहण्याचा धोका असतो.

नोंदणी करणारी यंत्रणा राज्यागणिक बदलते. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, ओरेगन अशा राज्यांत राज्याची स्वतःची यंत्रणा आहे; टेक्सास, इलिनॉय, न्यू जर्सी अशा राज्यांत संघराज्याच्या श्रम खात्याचे अप्रेंटिसशिप कार्यालय हे काम थेट पाहते. अप्रेंटिसशिप डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर कार्यक्रम शोधण्याची सोय आहे. तिथून किंवा राज्याच्या यादीतून नाव काढावे, आणि मुलाखतीला जाण्यापूर्वी स्पॉन्सरला कार्यक्रमाचा नोंदणी क्रमांक विचारून तो यंत्रणेकडून फोनवर पडताळून घ्यावा. ‘आमची नोंदणी प्रक्रियेत आहे’ हे उत्तर मिळाल्यास नोंदणी झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

नोंदणीला एवढे महत्त्व का, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. डेव्हिस-बेकन कायद्यानुसार २,००० डॉलरहून अधिक रकमेच्या संघराज्याच्या बांधकाम कंत्राटांवर त्या भागातला प्रचलित दर द्यावाच लागतो, आणि कुशल कारागिराच्या दरापेक्षा कमी, म्हणजे शिकाऊ दर, फक्त नोंदणीकृत उमेदवारालाच लावता येतो. नोंदणी नसलेल्या मुलाला ‘अप्रेंटिस’ म्हणून त्या कामावर कमी पैशांत राबवणे हा कायद्याचा भंग ठरतो.

तिसरी पायरी : कागदपत्रे, चाचणी आणि मुलाखत

नियमानुसार किमान वय १६ आहे, पण बांधकामाशी संबंधित बहुतेक कार्यक्रम १८ पूर्ण मागतात. हायस्कूलचा डिप्लोमा किंवा त्याच्या बरोबरीची जीईडी परीक्षा, बीजगणित शिकल्याचे दाखवणारी गुणपत्रिका, वाहन परवाना आणि अमली पदार्थांची चाचणी या अटी बऱ्याच ठिकाणी दिसतात. भारतात दहावी-बारावी केलेल्यांनी आपल्या गुणपत्रिकांचे अमेरिकी मूल्यमापन करून घ्यावे लागेल का, हे स्पॉन्सरला आधी विचारावे, कारण त्यात काही आठवडे जातात आणि अर्जाची मुदत कोणासाठी थांबत नाही.

ही नोकरी आहे, म्हणून अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी हवीच. ग्रीन कार्डधारक आणि नागरिकांना अडचण नाही. एच-४ व्हिसावर (एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसा) असलेल्यांना स्वतंत्र काम-परवाना लागतो, आणि एफ-१ विद्यार्थ्याला परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे ‘आधी सुरुवात तर करू’ हा विचार इथे महागात पडतो.

काही समित्या वर्षातून एकदा-दोनदाच अर्ज घेतात, काही वर्षभर घेतात. त्यानंतर बहुधा गणित आणि आकलनाची चाचणी होते, तीही अनेक ठिकाणी कॅल्क्युलेटरशिवाय. मेट्रिक पद्धतीत वाढलेल्यांची गाडी अडते ती इंचांच्या अपूर्णांकांवर. ५ पूर्णांक ३/८ इंचांत २ पूर्णांक ११/१६ इंच मिळवायचे असतील, तर ३/८ चे ६/१६ करून बेरीज ७ पूर्णांक १७/१६, म्हणजे ८ पूर्णांक १/१६ इंच येते. अशी बेरीज दहा सेकंदांत झाली पाहिजे. त्यासाठी पुस्तकापेक्षा इंचांची टेप उपयोगी पडते : घरातल्या दारे-खिडक्या, कपाटे सोळाव्या भागापर्यंत मोजून कागदावर बेरजा-वजाबाक्या करण्याचा दोन आठवड्यांचा सराव पुष्कळ होतो.

मुलाखतीत उंचीची भीती आहे का, वेळेवर येता का, पूर्वी हाताने काय काम केले आहे, असे सरळ प्रश्न असतात. गुणांनुसार यादी लागते आणि जागा निघतील तसे बोलावणे येते. वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, लिंग, अपंगत्व किंवा ४० किंवा त्याहून अधिक वय यांवरून डावलणे नियमाने निषिद्ध आहे आणि त्याची तक्रार नोंदणी यंत्रणेकडे करता येते.

चौथी पायरी : करार सहीपूर्वी वाचणे

करार दोन-चार पानांचाच असतो, पण त्याला जोडलेली नियमावली मोठी असते आणि ती मागून घ्यावी लागते. घाईघाईत टॅबलेटवर सही करून मोकळे होणारे अनेक जण ती कधी पाहतच नाहीत.

सर्वांत आधी कालावधी पाहावा. तासांवर आधारलेल्या कार्यक्रमात किमान २,००० तास कामावरचे प्रशिक्षण लागते. चार-पाच वर्षांच्या कार्यक्रमांत ते अर्थातच ८ ते १० हजारांच्या घरात जाते. काही कार्यक्रम तासांऐवजी सिद्ध केलेल्या कौशल्यांवर, तर काही दोन्हींच्या मिश्रणावर चालतात. वर्गातल्या शिक्षणासाठी वर्षाला १४४ तासांची शिफारस आहे. यूएच्या कार्यक्रमांत ते किमान २१६ असतात. वर्गाच्या वेळेचा पगार मिळतो की नाही, हे कार्यक्रमागणिक वेगळे असते, म्हणून ते लेखी विचारावे.

मग पगाराचे टप्पे. पगार कौशल्याबरोबर ठरलेल्या टप्प्यांनी वाढलाच पाहिजे, असा नियम आहे, आणि तो सहसा कुशल कारागिराच्या दराच्या टक्केवारीत लिहिलेला असतो. समजा, कारागिराचा दर ताशी ४४ डॉलर आहे आणि सुरुवात ४५ टक्क्यांनी होते. मग पहिला दर १९ डॉलर ८० सेंट. दर सहा महिन्यांनी पाच टक्के वाढ असेल, तर दहाव्या सहामाहीत तो ९० टक्के, म्हणजे ३९ डॉलर ६० सेंट होतो. वाढ फक्त दिवस मोजून मिळते की तास, वर्गातले गुण आणि हजेरी यांवर अवलंबून आहे, हे त्याच तक्त्याखालच्या बारीक अक्षरांत असते. त्या ओळी दोनदा वाचाव्यात, कारण वाढ अडते ती बहुधा तिथेच.

चाचणीकाळ एकूण कालावधीच्या एक चतुर्थांशापेक्षा किंवा एका वर्षापेक्षा, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा, जास्त असू शकत नाही. तेवढ्या काळात दोन्ही बाजूंना कारण न देता करार संपवता येतो. त्यानंतर मात्र स्पॉन्सरला योग्य कारण, लेखी सूचना आणि सुधारण्याची वाजवी संधी द्यावी लागते. नोंदणी नसलेल्या मदतनिसाला असले संरक्षण नसते. त्याला शुक्रवारी संध्याकाळी ‘सोमवारपासून येऊ नकोस’ एवढेच सांगितले जाते.

पूर्वानुभवाचे श्रेय हा भारतातून आलेल्यांच्या दृष्टीने मोलाचा भाग आहे. आयटीआयचे प्रमाणपत्र किंवा एसी दुरुस्तीचा काही वर्षांचा अनुभव असेल, तर पुढच्या टप्प्यात प्रवेश मागता येतो, आणि तो मिळाल्यास पगारही त्याच टप्प्याचा द्यावा लागतो. किती श्रेय द्यायचे हे स्पॉन्सर तपासून ठरवतो, पण मागितल्याशिवाय ते सहसा मिळत नाही. जुन्या मालकांची पत्रे, अभ्यासक्रमाची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर घेऊनच जावे.

काही समित्या प्रशिक्षणाचा खर्च कर्जाच्या स्वरूपात नोंदवतात, आणि उमेदवार मध्येच सोडून गेला किंवा प्रतिस्पर्धी गटाकडे काम करू लागला, तर तो परत मागतात. असा कागद करारासोबत सहीला येतो का, हे पाहावे. त्यात वावगे काही नाही, पण नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

पाचवी पायरी : रेफ्रिजरंटचे प्रमाणपत्र

स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०८ नुसार, ज्या कामात रेफ्रिजरंट, म्हणजे यंत्रात फिरून थंडावा देणारा गॅस, हवेत सुटू शकतो असे काम करणाऱ्याकडे पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते. पहिला प्रकार ५ पौंड किंवा त्याहून कमी गॅस भरलेल्या छोट्या उपकरणांचा, दुसरा उच्च दाबाच्या यंत्रणांचा, तिसरा कमी दाबाच्या चिलरचा. आणि तिन्ही उत्तीर्ण झाल्यास युनिव्हर्सल. मूलभूत भाग आणि प्रत्येक प्रकारासाठी २५ प्रश्न असतात, त्यांपैकी १८ बरोबर यावे लागतात. प्रमाणपत्राची मुदत संपत नाही.

इथे नोंदणीचा आणखी एक फायदा आहे आणि त्यातच एक मेख आहे. नोंदणीकृत उमेदवाराला, प्रमाणित तंत्रज्ञाच्या अखंड आणि जवळच्या देखरेखीखाली, हे प्रमाणपत्र नसतानाही काम करता येते. पण ही सवलत पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून दोनच वर्षे चालते. उमेदवारी पाच वर्षांची असली म्हणून सवलत पाच वर्षांची होत नाही. परीक्षा पहिल्याच वर्षी देऊन टाकणे उत्तम.

अभ्यासाची टिपणे जुनी नाहीत ना, हेही तपासावे. आर-२२ या जुन्या रेफ्रिजरंटचे उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. २०२० च्या एम (एआयएम) कायद्याने एचएफसी (हायड्रोफ्लुरोकार्बन) गॅस २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांनी कमी करण्याचे वेळापत्रक आखले, आणि घरगुती एसीत आर-४१०ए ची जागा आता आर-४५४बी आणि आर-३२ घेत आहेत. हे नवे गॅस सौम्य ज्वलनशील वर्गातले आहेत, त्यामुळे ब्रेझिंगची ज्योत पेटवण्यापूर्वी गॅस पूर्ण काढून नायट्रोजन फिरवणे ही आता केवळ चांगली सवय राहिलेली नाही.

सहावी पायरी : तासांची वही

नियमावलीत कामाच्या प्रकारांचे वेळापत्रक असते : आराखडा आणि कापणी इतके तास, कार्यशाळेतील जोडणी इतके, जागेवरची उभारणी इतके, वेल्डिंग इतके, हवेचे संतुलन इतके. उमेदवाराने या सगळ्यांतून जायला हवे, पण कंत्राटदाराला जो मुलगा डक्ट टांगण्यात तरबेज झाला आहे तो तिथेच हवा असतो. दोन वर्षांनी लक्षात येते की टांगण्याचे तास दुप्पट झाले आणि आराखड्याचे पान कोरेच आहे.

म्हणून नोंद त्याच दिवशी करावी. ‘एसीचे काम, ८ तास’ असे लिहून काही हाती लागत नाही. ‘छतावरचे युनिट : कंडेन्सर मोटर बदलली, कपॅसिटर तपासला, ३ तास, दोन फर्नेसच्या ज्वलनाचे विश्लेषण, कार्बन मोनॉक्साइडची नोंद, २ तास, डक्टचा स्थिर दाब मोजला, ३ तास’ असे लिहिले, तर ते वेळापत्रकाच्या नेमक्या रकान्यात जाते. आठवड्याच्या शेवटी देखरेख करणाऱ्या कारागिराची सही घ्यावी आणि पानाचा फोटो आपल्याजवळ ठेवावा. कार्यालयात मोबाइल अॅपवर नोंद होत असली तरीही. अॅप बदलतात, कंत्राटदार बंद पडतात, आणि तेव्हा जुने तास सिद्ध करायची जबाबदारी उमेदवारावर येऊन पडते.

एखाद्या प्रकाराचे काम सहा महिने मिळाले नाही, तर कार्यक्रमाच्या समन्वयकाला ईमेल पाठवून दुसरीकडे फिरवण्याची विनंती करावी. तोंडी बोलण्याला इथे किंमत नाही. मंदीत काम थांबले तर त्या काळाचे तास अर्थातच मिळत नाहीत. मात्र समितीच्या बोलावण्याच्या यादीत नाव राहते आणि पात्रता असल्यास बेकारी भत्त्यासाठी अर्ज करता येतो.

वाद झालाच तर आधी समितीकडे आणि तिथे मिटला नाही तर नोंदणी यंत्रणेकडे जाता येते. तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव-पत्ता करारातच असावा लागतो.

शेवटची पायरी : प्रमाणपत्र आणि परवाना

सर्व तास आणि वर्ग पूर्ण झाले की स्पॉन्सर नोंदणी यंत्रणेकडे पूर्णत्वाच्या प्रमाणपत्राची मागणी करतो. ते देशभर मानले जाते. राज्याचा परवाना ही मात्र निराळी बाब आहे. टेक्सासमध्ये एसीच्या कामाचे परवाने आणि तंत्रज्ञांची नोंदणी राज्य पाहते. न्यूयॉर्क आणि इलिनॉय यांसारख्या राज्यांत एसी कंत्राटदाराचा राज्यव्यापी परवाना नाही आणि शहरांचे आपापले नियम लागतात. दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर तिथले परवाना मंडळ प्रमाणपत्राबरोबर कामाच्या तासांची प्रकारवार फोड मागू शकते. त्यामुळे स्पॉन्सरकडून तासांचा सही-शिक्क्याचा अंतिम उतारा प्रमाणपत्राच्या दिवशीच मागून घ्यावा, आपल्या फोटोंशी ताडून पाहावा आणि एखादा आकडा चुकला असेल तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावा.